विश्लेषण : लहुजी वस्तादांच्या तालमीत नेमबाजी कशासाठी? बंदूक स्थिर ठेवण्यामागचे गणित काय?

पुणे-सातारा महामार्गावरचे कापूरहोळ अनेकांना माहीत असते ते वळणाचे गाव म्हणून. पश्चिमेला वळले की भोर, पूर्वेला वळले की केतकावळ्याचा बालाजी, नारायणपूर आणि पुढे पुरंदर. छत्रपती संभाजी महाराजांच्या दूधआई धाराऊ याच कापूरहोळच्या. येथून पूर्वेला जाणारा रस्ता ज्या पुरंदरच्या पायथ्याशी नेतो, तेथील पेठ या गावी आद्यक्रांतीगुरू लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म झाला. दांडपट्टा, तलवार, लाठी आणि बंदूक शिकवणारे वस्ताद म्हणून ते पुण्यात नावाजले. नेमबाजी शिकवणाऱ्या या माणसाने पुढे शाळेसाठी घरोघर मुले का गोळा केली?

लहुजी वस्ताद कोण होते?

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी मातंग कुटुंबात झाला, असे मानले जाते. घराण्याकडे पुरंदरच्या राखणीचे काम होते आणि शिवकाळातील पराक्रमाबद्दल ‘राऊत’ हा किताब मिळाला होता, अशी परंपरा सांगते. वडील राघोजी पेशव्यांच्या शिकारखान्यावर होते, असेही सांगितले जाते. शिकारखाना म्हणजे जनावरांची देखभाल आली आणि अचूक नेमही आला. शस्त्रविद्या लहुजींना घरातच मिळाली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला बापू गोखले यांच्या नेतृत्वाखालील पेशव्यांची फौज आणि इंग्रज समोरासमोर आले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. या धामधुमीत राघोजी कामी आले. तेव्हा २३ वर्षांचे असलेल्या लहुजींनी देशासाठीच जगण्या-मरण्याची शपथ घेतली आणि आयुष्यभर लग्न केले नाही, असे सांगतात.

पुण्यातील गंज पेठेतील तालीम आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. कुस्तीबरोबर शस्त्रांची कसरत आणि गोळीने निशाण टिपणे, हे तिचे वैशिष्ट्य.

त्या काळी नेम धरणे इतके अवघड का होते?

तेव्हाच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. इंग्रज फौजेच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी ०.७५ इंचाची आणि गोळी साधारण ०.६९ इंचाची. तोंडातून गोळी पटकन ठासता यावी म्हणून दीड मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली. बार उडाला की गोळी नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे आणि शेवटचा टप्पा जिथे बसेल त्या दिशेला जाई. १०० पावलांपुढे एका माणसावर नेम लागेलच, याची खात्री नसे.

तोड्याच्या बंदुकीत आणखी एक अडचण होती. चाप ओढल्यावर पेटता तोडा रंजकावर टेकायचा, रंजक पेटायची, मग आतली दारू. या क्षणभराच्या उशिरात हात हलला तर नेम गेला. डोळ्यासमोर धूर आणि भडका उडत असताना न दचकता बंदूक धरून ठेवणे हीच खरी कसोटी. तालमीत कमावलेले खांदे, मनगटे आणि श्वास इथे कामी येत.

बंदूक टेकवली की नेम का सुधारतो?

हिशेब सोपा आहे. एक मीटर लांबीच्या नळीचे तोंड फक्त १ मिलिमीटर हलले, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. उभ्याने धरलेली बंदूक श्वासाने, नाडीच्या ठोक्याने आणि थकलेल्या स्नायूंमुळे सतत हलत असते. म्हणूनच जुने शिकारी झाडाच्या बेचक्याचा, दगडाचा किंवा जमिनीत रोवलेल्या दुबेळक्याचा टेकू घेत. आजच्या रेंजवर त्यासाठी भक्कम टेबल आणि वाळूच्या पिशव्या असतात. यालाच ‘बेंच रेस्ट’ म्हणतात.

पण नुसते टेकवून भागत नाही.

• टेकू नळीखाली नको, पुढच्या लाकडी भागाखाली हवा. बार उडताना नळी थरथरते. तिला खालून अडवले की गोळीची दिशा बदलते.

• टेकू मऊ हवा. गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच बंदूक मागे सरकू लागते. कठीण पृष्ठभागावर ती उसळते, वाळूच्या पिशवीवर सरळ मागे येते.

• दस्त्याखाली दुसरी पिशवी हवी. ती किंचित दाबून किंवा सैल सोडून नेम वर-खाली करता येतो आणि हातावर भार येत नाही.

• दस्ता प्रत्येक वेळी खांद्यावर त्याच जागी, तेवढ्याच दाबाने टेकला पाहिजे. गालाचेही तसेच.

• अर्धा श्वास सोडून थांबायचे आणि चाप हिसका न देता हळूहळू दाबायचा.

टेकूचा सर्वांत मोठा उपयोग वेगळाच आहे. माणसाचा थरथराट बाजूला काढला की बंदुकीचा खरा दोष दिसतो. टेकवून मारलेल्या पाच गोळ्या एकाच ठिकाणी, पण मध्यापासून दूर लागल्या, तर दोष जुळणीत आहे. त्याच गोळ्या विखुरल्या, तर बंदूक, दारूगोळा किंवा टेकूची मांडणी तपासायची. टेकवून सगळे नीट आणि हातात घेतल्यावर बिघडत असेल, तर सराव कमी आहे.

फुले तालमीत का आले?

१८४७ च्या सुमारास विशीतले जोतीराव फुले लहुजींकडे दांडपट्टा आणि गोळीने निशाण मारण्याची कसरत शिकत होते. इंग्रजांचे राज्य उलथवण्याच्या विचाराने आपण ही विद्या शिकल्याचे फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त लिहिले आहे. त्यात त्यांनी वस्तादांचे नावही नोंदवले आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजातील वस्तादाला गुरू करणे ही त्या काळच्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती.

पुढे फुले यांचा विचार बदलला. अज्ञानात ठेवलेल्या समाजाला आधी शिक्षण हवे, हा निष्कर्ष काढून १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. शिष्याने वाट बदलली, पण वस्तादांनी त्याची साथ सोडली नाही. लहुजी आणि राणबा महार यांनी आपापल्या समाजात फिरून शिक्षणाचे महत्त्व पटवले आणि मुलांना शाळेत आणले. याच शाळांतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती लहुजींच्याच नात्यातील होती, असे सांगितले जाते.

बंदुकीचे पुढे काय झाले?

इंग्रजांनी १८५३ मध्ये एन्फिल्ड रायफल स्वीकारली. तिच्या नळीत आटे होते, दर ७८ इंचांना एक फेरा. फिरत जाणारी गोळी सरळ राहते, त्यामुळे पल्ला आणि अचूकता दोन्ही वाढले. याच रायफलीच्या काडतुसावरून १८५७ मध्ये भडका उडाला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवला. चांगली बंदूक सरकारकडे आणि साधी बंदूकही बेकायदा, अशा स्थितीत तालमीतील नेमबाजीला जागाच उरली नाही.

लहुजींचे शिष्य मानले जाणारे वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये रामोशांना सोबत घेऊन बंड केले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते पकडले गेले आणि त्यांची रवानगी एडनला झाली. लहुजींचे निधन १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झाले. बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला फडके यांनी एडनमध्ये देह ठेवला.

आज हा वारसा कुठे दिसतो?

लहुजींची समाधी पुण्यात संगमवाडीला आहे. नेमबाजीचे मैदान मात्र बदलले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले आणि खाशाबा जाधव यांच्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले. या प्रकारात गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने नेम धरावा लागतो. रायफल कशावर टेकवण्याची मुभा नसते, टेकू फक्त स्वतःच्या शरीराचा. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते.