बीपी मोजणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हता, तो होता गावचा पाद्री!

दवाखान्यात गेलं की डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळतात, फुगा दाबतात आणि १२०/८० असा काहीतरी आकडा सांगतात. आपल्याला आता याची सवय झाली आहे. पण रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला गेला तेव्हा ना पट्टा होता, ना पारा. होती एक म्हातारी घोडी, पितळेची बारीक नळी आणि तिला जोडलेली ९ फुटांची काचेची नळी. मोजणारे गृहस्थ होते स्टीफन हेल्स, लंडनजवळ थेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन गावचे पाद्री.

हेल्स यांचा जन्म १६७७ साली केंट परगण्यात झाला. पाद्री होण्यासाठी ते १६९६ मध्ये केंब्रिजला गेले. तिथे त्या काळी न्यूटनच्या विचारांचा दबदबा होता. जे दिसेल ते मोजा, तोला, आकड्यात मांडा! पाद्री होऊ घातलेल्या या तरुणाला त्याचं वेड लागलं. विल्यम स्टकली या मित्रासोबत त्यांनी बेडूक चिरले, कुत्र्याच्या फुफ्फुसात शिसं ओतून त्याचा साचा काढला. १७०९ मध्ये ते टेडिंग्टनला आले आणि मरेपर्यंत, म्हणजे पुढची ५१ वर्षं, तिथलेच झाले.

तेव्हा विद्वानांमध्ये एक वाद रंगला होता. हृदय रक्त ढकलतं ते किती जोराने? इटलीच्या बोरेली यांचं उत्तर होतं १,८०,००० पौंड. स्कॉटलंडच्या जेम्स कील यांनी गणित करून काढलं, फक्त काही औंस! कुठे हत्ती आणि कुठे मुंगी. दोघांनीही कागदावर हिशेब केला होता, जिवंत प्राण्यातला दाब कुणीच मोजला नव्हता.

हेल्स यांनी सुमारे १४ वर्षांची एक घोडी निवडली. तिच्या खांद्याजवळ न भरणारी जखम होती. तिला जिवंतपणीच बांधून आडवं पाडलं, मांडीची रोहिणी उघडली आणि त्यात नळी बसवली. रक्त काचेच्या नळीत चढत चढत हृदयाच्या पातळीच्या वर ८ फूट ३ इंचांवर पोहोचलं आणि प्रत्येक ठोक्याला काही इंच वरखाली होऊ लागलं. आजच्या मापात हा दाब साधारण १९० मिलिमीटर पारा इतका भरतो. मग हेल्स थोडं थोडं रक्त काढत गेले आणि दर वेळी उंची टिपत गेले, घोडी मरेपर्यंत. भूल देण्याचं औषध तेव्हा नव्हतं, हे वाचताना विसरता येत नाही.

पुढे त्यांनी हृदयाच्या डाव्या कप्प्यात वितळलेलं मेण ओतून त्याचा साचा काढला, आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजलं आणि त्याला दाबाने गुणलं. माणसाच्या हृदयासाठी उत्तर आलं ५१.५ पौंड. बोरेलींचा हत्ती गेला, कीलची मुंगीही गेली.

पण खरी कमाल पुढेच आहे. हृदय रक्त फेकतं ते थांबून थांबून, मग बारीक रक्तवाहिन्यांत ते अखंड कसं वाहतं? हेल्स यांना आठवला आगीचा बंब! त्या काळच्या बंबात पंपाच्या वर हवेची बंद टाकी असे. दांडा खाली दाबला की पाणी शिरून हवा दबायची, दांडा वर जाताना तीच हवा पाण्याला ढकलत राहायची, आणि धार तुटायची नाही. हेल्स म्हणाले की रोहिणीही तेच काम करते. ठोक्याला ताणून फुगते, मग आक्रसून रक्त पुढे लोटते. त्या किती दाब सोसतात हे पाहायला त्यांनी रक्तवाहिन्या फुटेपर्यंत ताणूनही पाहिल्या. आज प्रयोगशाळेत शरीरातल्या मऊ ऊतींची ताकद यंत्रावर तपासतात, तेच काम हे पाद्रीबुवा ३०० वर्षांपूर्वी करत होते.

मेलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांतून त्यांनी ठरावीक उंचीवरून वेगवेगळे द्रव सोडले. गरम पाणी सरसर गेलं, थंड पाणी हळू. ब्रँडी सोडली तर प्रवाह मंदावला, कारण बारीक वाहिन्या आक्रसल्या. तेव्हाचं लंडन जिनच्या दारूत बुडालं होतं. हेल्स यांनी १७३४ मध्ये दारू पिणाऱ्यांना सावध करणारी पुस्तिका काढली, ती नुसत्या धर्मोपदेशावर नाही, अशा प्रयोगांच्या आधारावर.

हे सगळं त्यांनाही सोपं नव्हतं. चिरफाडीचा वीट येऊन मध्येच काही वर्षं त्यांनी प्राणी सोडले आणि त्याच नळ्या द्राक्षवेलीला लावून रस किती जोराने चढतो ते मोजलं. त्यावरचं पुस्तक १७२७ मध्ये आलं आणि रक्तावरचं थेट १७३३ मध्ये. शेजारी राहणारे कवी अलेक्झांडर पोप त्यांचे चांगले स्नेही. पण या भल्या माणसाचे हात कुत्र्यांच्या रक्ताने माखतात याची पोप यांना खंत होती, आणि इतर जिवांना मारायचा हक्क आपल्याला कुणी दिला असा त्यांचा सवाल होता. हेल्स यांनी प्रयोग लपवले नाहीत, पुस्तकात प्राण्यांचे हालही जसेच्या तसे लिहिले.

उतारवयात ते हवेच्या मागे लागले. जहाजं, इस्पितळं आणि लंडनच्या न्यूगेट तुरुंगातली कोंदट हवा बाहेर काढणारी यंत्रं त्यांनी बनवली. गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवरही ती बसली.

४ जानेवारी १७६१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी हेल्स वारले. टेडिंग्टनच्या ज्या चर्चचा मनोरा त्यांनी उभारून घेतला होता, त्याच्याच खाली त्यांना पुरलं. १८९९ मध्ये जर्मनीच्या ओटो फ्रँक यांनी त्या बंबाच्या कल्पनेला गणिताचं रूप दिलं. वयाबरोबर रोहिण्या कडक झाल्या की ही टाकी नीट फुगत नाही, म्हणून अनेक वृद्धांचा वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. डॉक्टर त्या दोन आकड्यांमधलं अंतर बघतात ते त्यासाठीच.