गवत कापणी यंत्र घेण्यापूर्वी : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यातून काय शिकावे?

रत्नागिरी जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये आंबा-काजूच्या बागेत गवत कमरेपर्यंत वाढते. बेणणीला माणसे वेळेवर मिळत नाहीत. ऑक्टोबरनंतर तेच गवत वाळते आणि वणव्याची धास्ती लागते. अशा वेळी शेतकरी गवत कापणी यंत्राची, म्हणजे ग्रास कटरची चौकशी करतो. दुकानात दहा प्रकारची यंत्रे असतात, खिशात पैसे मोजके असतात. पैसे वाया तर जाणार नाहीत ना, ही शंका मनात असते.

शंका घेण्यात काही चूक नाही. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी लोखंडी नांगराबद्दल शेतकऱ्यांनी अशीच शंका घेतली होती. तो नांगर विकू पाहणारे गृहस्थ होते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचे पहिले शेती अवजार नांगर नव्हे, तर कडबा कापण्याचे यंत्र होते. गवत-चारा कापणाऱ्या पात्यापासून सुरू झालेले हे आयुष्य आज यंत्र घेणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

चित्रकलेकडून यंत्रांकडे

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. किर्लोस्कर हे आडनाव मालवण तालुक्यातील किर्लोस गावावरून आले. 1981 मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातच होते. आज तेथे कृषी विज्ञान केंद्र आहे.

शाळेच्या अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे यात ते रमत. 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. मात्र यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत तोच विषय शिकवू लागले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचा व्यवसाय होता. किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात 1888 पासून धरली जाते. सायकल तेव्हा श्रीमंतांची वस्तू होती. दोघे बंधू ती विकत, चालवायला शिकवत आणि दुरुस्तही करत. विकलेली वस्तू चालू राहिली पाहिजे, हे भान या दुकानातच आले.

कडबा कापणी यंत्र आणि न विकलेला नांगर

सायकलींच्या धंद्यातून पुढे छोटा कारखाना उभा राहिला. त्यात प्रथम कडबा कापणी यंत्र तयार झाले. अख्खा कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि ताटे तुडवते. बारीक कुट्टी केली तर चारा वाया जात नाही. यंत्राचा फायदा शेतकऱ्याला गोठ्यात लगेच दिसत होता.

नंतर लोखंडी नांगर तयार झाला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जात होता आणि माती पलटत होता. तरीही तो विकला गेला नाही. लोखंडाने जमिनीत विष पसरते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

या घटनेची आठवण आपण बहुधा शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेवर हसण्यासाठी काढतो. पण त्याच्या बाजूने विचार करून पाहावा. लाकडी नांगर गावातला सुतार बनवत होता आणि मोडला तर तोच दुरुस्त करत होता. लोखंडी नांगराला पैसे एकदम द्यावे लागणार होते. तो आपल्या मातीत, आपल्या बैलांना ओढेल का, हे कोणी पाहिले नव्हते. फाळ झिजला तर दुसरा कुठून आणायचा, हाही प्रश्न होता. विषाची समजूत चुकीची होती, पण जोखीम खरी होती.

लक्ष्मणराव मागे हटले नाहीत. नांगर चालताना शेतकऱ्यांना दिसू लागला, तशी मागणी वाढत गेली. लोखंडी नांगर म्हणजे किर्लोस्कर नांगर, असे पुढे महाराष्ट्रातली खेडी म्हणू लागली.

विस्तार अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि विक्रेत्यांनीही याची नोंद घ्यावी. शेतकरी नवे यंत्र घेत नसेल, तर आधी ते त्याच्याच बागेत चालवून दाखवावे.

माळरानावरचा कारखाना

धंदा रुळावर येत असतानाच बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. नवी जागा घेण्याइतके भांडवल नव्हते. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ 32 एकर जमीन आणि कर्ज दिले. ही जागा म्हणजे निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ होता. 1910 मध्ये लक्ष्मणराव, त्यांचे नातेवाईक आणि कामगार कुटुंबांसह तेथे राहायला गेले. आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ती हीच.

तेथे नांगर आणि कडबा कापणी यंत्रांसोबत शेंगा फोडण्याची यंत्रे आणि उसाचे चरक तयार होऊ लागले. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येणे जवळपास थांबले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर केले गेले. 1926 च्या सुमारास पाण्याचे पंप तयार होऊ लागले. पुढच्या पिढीने ऑइल इंजिने आणि विजेच्या मोटारी आणल्या.

वाडीत अस्पृश्यता पाळली जात नसे. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनाही तेथे काम मिळाले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

बेळगावच्या शेतकऱ्यासमोर तेव्हा तीन प्रश्न होते : माझ्या जमिनीत चालेल का, मला परवडेल का आणि मोडले तर जवळ दुरुस्त होईल का? ग्रास कटर घेतानाही याच क्रमाने विचार करावा.

1. माझ्या जमिनीत चालेल का?

चाकांवर ढकलायचे लॉनमोवर सपाट, दगडविरहित हिरवळीसाठी असते. घराचे अंगण, शाळेचे मैदान किंवा पर्यटक निवासापुढची हिरवळ यासाठी ते ठीक आहे. अंगण लहान असेल तर हाताने ढकलायचे, इंजिन नसलेले यंत्र सर्वांत स्वस्त पडते. मात्र जांभ्या कातळावरच्या, उताराच्या आंबा-काजू बागेत चाकांचे यंत्र अडकते. तेथे खांद्यावर पट्ट्याने अडकवायचे ग्रास कटर (ब्रश कटर) घ्यावे.

पाते गवतानुसार निवडावे.

- कोवळे, ओले गवत आणि दगडांची जागा : नायलॉन दोरी. दगडाला लागली तरी दोरीच झिजते, पाते मोडत नाही.
- वाढलेले, जाड गवत : दोन किंवा तीन धारांचे लोखंडी पाते.
- रानटी झुडपे, जाड फांद्या : अनेक दात्यांचे गोल पाते.

कलमाच्या बुंध्याजवळ यंत्र नेऊ नये. नायलॉन दोरीनेही कोवळी साल सोलली जाते आणि सर्व बाजूंनी साल गेल्यास कलम मरते. बुंध्याभोवती हातभर जागा विळ्यानेच साफ करावी. कापलेले गवत बुंध्यापासून थोडे दूर ठेवून आच्छादन म्हणून वापरावे. वणव्याचा धोका असलेल्या बागेत पावसाळा संपताच हद्दीलगतचा पट्टा मोकळा करावा आणि तेथील गवत उचलून न्यावे.

2. मला परवडेल का?

यंत्राची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. समजा, यंत्र 20,000 रुपयांचे आहे आणि ते पाच वर्षे चालेल. म्हणजे वर्षाला 4,000 रुपये केवळ यंत्राचे झाले. त्यात पेट्रोल, तेल, दोरी, पाते आणि दुरुस्ती मिळवावी. आता यंत्रासह येणारा माणूस आपल्या भागात दिवसाला किती घेतो आणि आपले काम किती दिवसांचे आहे, याचा गुणाकार करावा. ही रक्कम आपल्या वार्षिक खर्चापेक्षा कमी असेल, तर भाड्याने काम करून घेणेच बरे. दोन-तीन शेजाऱ्यांनी किंवा बचत गटाने मिळून यंत्र घेणे हाही चांगला मार्ग आहे. मात्र ते एकाच्या ताब्यात राहील आणि देखभाल तोच करील, हे आधी ठरवावे.

टू-स्ट्रोक यंत्र हलके आणि तुलनेने स्वस्त असते, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. फोर-स्ट्रोक यंत्राची किंमत जास्त असते, पण पेट्रोल कमी लागते आणि आवाजही कमी होतो. वर्षातून थोडेच दिवस काम असेल तर टू-स्ट्रोक पुरते. रोजचे काम असेल तर फोर-स्ट्रोकचा विचार करावा.

कृषी यांत्रिकीकरण योजनेच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा. पूर्वसंमती मिळण्यापूर्वी यंत्र खरेदी करू नये, नाहीतर अनुदान मिळत नाही. सध्या कोणत्या यंत्राला किती अनुदान आहे, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

3. मोडले तर जवळ दुरुस्त होईल का?

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे पुढील गोष्टी पाहाव्यात.

- दोरीची रीळ, पाते, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि स्टार्टरची दोरी दुकानात प्रत्यक्ष शिल्लक आहे का?
- दुरुस्ती आपल्या तालुक्यात होते, की यंत्र बाहेर पाठवावे लागते?
- पक्के बिल, हमीपत्र आणि माहितीपुस्तिका मिळते का?
- यंत्र थंड असताना दोन-तीन ओढीत सुरू होते का?
- पट्टा लावून दहा मिनिटे चालवल्यावर खांदा व मनगट दुखत नाही ना?

जो विक्रेता बागेत येऊन यंत्र चालवून दाखवतो, त्याला थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी चालतील. सुटे भाग न मिळणारे स्वस्त यंत्र ऐन ऑगस्टमध्ये बंद पडले, तर वाचवलेले पैसे मजुरीत जातात.

देखभाल

- टू-स्ट्रोकमध्ये माहितीपुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच टू-टी तेल मिसळावे. नुसते पेट्रोल घातल्यास पिस्टन जाम होतो.
- फोर-स्ट्रोकमध्ये रोज काम सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी.
- रोज काम संपल्यावर पात्याभोवती गुंडाळलेले गवत काढावे, एअर फिल्टर झटकून साफ करावा.
- पात्याजवळच्या गिअरमध्ये माहितीपुस्तिकेनुसार ग्रीस भरावे.
- पात्याचा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो. जोर लावण्यापूर्वी दिशा तपासावी.
- तडा गेलेले पाते वेल्डिंग करून वापरू नये. फिरताना ते तुटून उडते.
- हंगाम संपल्यावर टाकीतले पेट्रोल काढावे आणि इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवावे. साठलेले पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटते आणि पुढच्या पावसाळ्यात यंत्र सुरू होत नाही.

काम करताना चष्मा, गमबूट आणि जाड पँट वापरावी. पात्यावरचे संरक्षक कव्हर काढू नये. जांभ्याचा खडा गोळीसारखा उडतो, म्हणून 15 मीटरच्या आत कोणालाही, विशेषतः मुलांना आणि गुरांना, येऊ देऊ नये. पाते साफ करताना किंवा बदलताना इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी.

यंत्र घेण्याची घाई नसेल, तर यंदाच्या बेणणीत एक दिवस ओळखीच्या बागायतदाराचे ग्रास कटर भाड्याने आणून स्वतःच्या बागेत चालवून पाहावे. आपल्या उतारावर, आपल्या गवतात ते कसे चालते हे कळले की दुकानात काय मागायचे, हेही कळते.