महाराजांची रजा

बँकेत असताना मी इतरांच्या रजेच्या अर्जांवर सह्या करीत असे. माझी स्वतःची रजा मात्र साठत राहिली आणि बुडत गेली. मार्चअखेर, ऑडिट, बदली... कारणांना कधी तोटा पडला नाही. निवृत्तीनंतर पत्नीने हट्टच धरला, तेव्हा पुण्याहून निघालेल्या एका सहलीबरोबर आम्ही स्वित्झर्लंडला गेलो. युंगफ्राउयोखला, ३,४५४ मीटर उंचीवर, आगगाडीतून उतरलो. समोर पांढऱ्याशुभ्र उतारावर तरुण मंडळी स्कीवरून घसरत होती. आमच्यातल्या एका काकूंनी चिवड्याचा डबा उघडला होता. आणि मला आठवले ते सयाजीराव गायकवाड.

त्या दिवसांत मी त्यांच्याविषयी वाचत होतो, हे एक कारण. दुसरे असे की, रजा घेणे हा अपराध नव्हे, हे आपल्याकडच्या ज्या थोड्या कर्त्या माणसांना उमगले होते, त्यांतले ते एक.

सयाजीरावांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा त्याला धड लिहिता-वाचताही येत नव्हते. पुढची सहा वर्षे अभ्यासात गेली. १८८१च्या डिसेंबरात, अठराव्या वर्षी, राज्याची सूत्रे हाती आली. मग दौरे, कागदपत्रे, दरबार, रेसिडेंटशी खटके. १८८५ साली पहिल्या पत्नी चिमणाबाई वारल्या. शरीर थकले आणि झोप उडाली. डॉक्टरांनी हवापालट सांगितला आणि १८८७ साली, चोविसाव्या वर्षी, सयाजीराव युरोपला निघाले.

समुद्र ओलांडणे तेव्हा सोपे नव्हते. बोटीच्या प्रवासापेक्षा परतल्यावरच्या प्रायश्चित्ताची चर्चा मोठी असे. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९० साली, आपल्या पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे ग्रामण्य झाले! तिथे एका हिंदू राजाने थेट विलायत गाठायची, म्हणजे धाडसच.

पुढे युरोपच्या वाऱ्या वाढत गेल्या. स्वित्झर्लंडच्या डोंगरांतही त्यांचे मुक्काम झाले. पहिल्या प्रवासाच्या वेळी आल्प्समध्ये स्कीचा खेळ अजून रुजला नव्हता. दावोससारख्या सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या गावांत डॉक्टर क्षयाच्या रोग्यांना कोरड्या हवेसाठी पाठवीत, आणि सेंट मॉरिट्झला इंग्रज पाहुणे हिवाळ्यातही राहू लागले होते. घसरण्याच्या मौजेआधी त्या डोंगरांचा लौकिक औषधाचा होता.

सयाजीरावांना मात्र हे औषध पुरते लागू पडले नाही. रजेवरही राज्याचे कागद त्यांच्या मागोमाग येत. शेवटचा शब्द आपलाच असावा, हा त्यांचा आग्रह सुटला नाही. इकडे इंग्रज सरकारला राजाचे हे फिरणे खुपू लागले. १९०० साली लॉर्ड कर्झनने फर्मान काढले: संस्थानिकांनी परवानगीखेरीज परदेशी जाऊ नये. सयाजीरावांना तो अपमान वाटला. त्यांनी प्रवास थांबवला नाही.

माझ्यातला बँकवाला इथे खातेवही उघडतो. खर्चाची बाजू जड आहे. राजाच्या प्रवासाचा भार शेवटी रयतेच्या कष्टावरच. पण जमेची बाजूही पाहा. १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला, तो १९०६ मध्ये राज्यभर लागू झाला. १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली (माझी बँक ती नव्हे, पण व्यवसायाचे नाते आहेच). १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून गावोगाव वाचनालये काढली. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. हा राजा परदेशात नुसती हवा खात नव्हता; तिथे जे चांगले दिसे, ते आपल्या माणसांसाठी घेऊन येत होता.

एक रकाना मात्र कोराच राहतो. त्यांच्या चार मुलांपैकी तिघे, फत्तेसिंहराव, शिवाजीराव आणि जयसिंहराव, त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. १९०८, १९१९, १९२३. राज्यासाठी वेळ काढणाऱ्या या बापाच्या वाट्याला मुलांबरोबरचे किती दिवस आले असतील? ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला.

माझा मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला, तेव्हा काश्मीरची तिकिटे काढली होती. शाखेत तपासणी आली म्हणून मी ती रद्द केली. बर्फ पाहायचा त्याचा हट्ट होता. तो आता चाळिशीत आहे आणि स्वतःच्या ऑफिसातून त्याला सवड होत नाही.

युंगफ्राउयोखवरून मी त्याला फोन लावला. मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो म्हणाला. आवाज अगदी माझाच होता.