बर्लिनमध्ये १४९ कवट्या मोजल्या आणि गुरूचाच सिद्धांत खोडला. इरावती कर्वेंची ही गोष्ट माहितीये का?

सेल्फी काढल्यावर आपला चेहरा जरा वाकडा वाटतो ना? एक भुवई वर, जबडा एका बाजूला जड. कॅमेऱ्याची चूक नाही ती. चेहऱ्याच्या आतलं हाडच दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं नसतं. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत डॉक्टरकी शिकणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. पहिल्याच वर्षी कवटी हातात घेऊन तिची २२ हाडं पाठ करताना हे त्याच्या लक्षात येतं.

पण शंभर वर्षांपूर्वी याच वाकडेपणावरून कुठला माणूस हुशार आणि कुठला कमी प्रतीचा हे ठरवायला जर्मनीतले शास्त्रज्ञ निघाले होते. हे सिद्ध करायचं काम त्यांनी एका मराठी मुलीकडे दिलं. तिने मापं घेतली आणि जे दिसलं ते लिहिलं.

ती मुलगी म्हणजे इरावती कर्वे.

नाव नदीवरून पडलं

१५ डिसेंबर १९०५ ला ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील गणेश करमरकर तिथल्या कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सात वर्षांची झाल्यावर तिला शिकायला पुण्याच्या हुजूरपागेत पाठवलं. तिथं तिची गट्टी जमली ती रँग्लर परांजप्यांच्या शकुंतलेशी, आणि पुढं परांजप्यांचं घर हेच तिचं दुसरं घर झालं.

फर्ग्युसनमधून १९२६ ला त्या तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या. मग मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एमए केलं. लग्न झालं रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी. सासरे होते महर्षी धोंडो केशव कर्वे.

आता वाटेल, स्त्रीशिक्षणासाठी अख्खं आयुष्य घालवलेल्या घरात सुनेला परदेशी शिकायला कोण अडवणार? पण अण्णांनाच ते पटलं नव्हतं. दिनकररावांचा मात्र पाठिंबा होता. जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला निघाल्या.

कवट्या आणि एक ठरलेलं उत्तर

बर्लिनमध्ये त्या ज्या संस्थेत गेल्या, तिच्या नावातच मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि वंशसुधारणा असे तिन्ही शब्द होते. प्रमुख होते ऑयगेन फिशर. नाव मोठं, दबदबा मोठा.

फिशर यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा विचार करणारा भाग जास्त वाढलेला असतो, त्याला जागा द्यायला त्याची कवटी दोन्ही बाजूंना असमान होते, आणि इतर वंशांत तसं होत नाही. म्हणजे कवटीचा वाकडेपणा हा हुशारीचा पुरावा.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजायला घेतल्या. पूर्व आफ्रिकेत तेव्हा जर्मनांची वसाहत होऊन गेली होती. तिथून आणलेल्या कवट्याही त्यांत होत्या. प्रत्येक कवटीची उजवी बाजू, डावी बाजू, मधली रेषा. महिनोन्महिने हेच काम.

उत्तर काय आलं? वाकडेपणा सगळीकडे होता. गोऱ्यांत होता, इतरांतही होता. वंशाशी त्याचा काही संबंध दिसत नव्हता.

हाड वाकडं होतंच का?

आपल्याला हाड म्हणजे दगडासारखी मेलेली वस्तू वाटते. खरं तर ते जिवंत असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड विरघळवत असतात, दुसऱ्या प्रकारच्या नवीन हाड घालत असतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दर वर्षी असा बदलला जातो. जिथं जोर पडतो तिथं हाड जाड होतं, जोर नसेल तिथं झिजतं.

कवटीचंही तसंच. बाळाची टाळू आपण हळूच तेल लावून जपतो, कारण तिथली हाडं अजून जुळलेली नसतात. आतला मेंदू वाढतो तशी कवटी वाढते आणि साधारण दीड-दोन वर्षांत टाळू भरते. या काळात बाळ सतत एकाच कुशीवर झोपलं तरी डोकं एका बाजूने चपटं होतं. पुढं एकाच बाजूने चावायची सवय लागली की त्या बाजूचे स्नायू हाडाला जास्त ओढतात.

म्हणजे कवटीवर दिसतं ते जगणं. अक्कल तिथं लिहिलेली नसते.

निकाल लिहिला, पुढं काय?

परक्या देशातली पंचविशीच्या आतली विद्यार्थिनी, डोक्यावर कर्ज, आणि पदवी ज्याच्या हातात त्याच्याच सिद्धांताविरुद्ध निकाल. आकडे थोडे इकडेतिकडे करणं सोपं होतं. त्यांनी केलं नाही. गुण कमी मिळाले, पण डॉक्टरेट मिळाली आणि १९३० मध्ये त्या परतल्या.

तीन वर्षांत हिटलर सत्तेवर आला. फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्यांच्या संस्थेतल्या वंशशास्त्राचा आधार घेऊन पुढं माणसांची सक्तीची नसबंदी झाली. इरावतीबाईंनी ज्या सिद्धांताला आकड्यांत नकार दिला, त्याच जातीच्या विचारांची किंमत लाखो लोकांनी जिवाने मोजली.

मोजपट्टी मात्र सुटली नाही

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. १९४४ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांसोबत गुजरातेतल्या लांघणजला उत्खनन केलं. तिथं अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे मिळाले, गुडघे पोटाशी घेऊन पुरलेले. असा सांगाडा बरंच बोलतो. कंबरेच्या हाडावरून बाई की पुरुष, मांडीच्या हाडावरून उंची, हाडांची टोकं जुळलीत का यावरून वय, दातांवरून खाणं आणि आजार. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर संभाजीनगरहून नगरकडे जाताना लागणारं नेवासा. तिथल्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली मातीच्या भांड्यांत पुरलेली लहान मुलं सापडली आहेत.

इरावतीबाईंनी महाराष्ट्रातल्या जातींचीही शरीरमापं घेतली. त्यावरचं पुस्तक १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांसोबत आलं. नाक-डोकं मोजून समाज समजतो का, यावर नंतर बरीच टीका झाली, आणि ती रास्त आहे. पण त्या मापांतूनही त्यांना दिसलं ते हेच, की एकाच नावाखाली येणाऱ्या पोटजाती शरीराने एकसारख्या नसतात. पुढं तर त्या मापांच्या पलीकडे जाऊन नातेसंबंध, वारी आणि कोयना धरणाने उठवलेली माणसं यांच्याकडे वळल्या.

१९६७ मध्ये फिशर वारले. त्याच वर्षी इरावतीबाईंचं ‘युगान्त’ आलं. महाभारतातल्या थोर माणसांना त्यात त्यांनी साध्या माणसांसारखं तपासलं, कुणाचीही भीड न ठेवता. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या.

महाराष्ट्र त्यांना ‘युगान्त’साठी ओळखतो. पण मोठ्यांची भीड न ठेवण्याचा सराव त्यांनी चाळीस वर्षं आधी, बर्लिनमध्ये १४९ कवट्यांसमोर बसून केला होता.