बेओवुल्फाचे अध्यापक : प्रोफेसर टोल्कीन

राक्षसांच्या गोष्टी लहान मुलांसाठींच असतात, थोरांनीं त्यांकडे लक्ष देण्याचें कारण नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु एका विद्वान् अध्यापकांनीं आपल्या आयुष्याचीं कित्येक वर्षें अशाच एका कथेचें अध्ययन व अध्यापन करण्यांत वेंचिलीं, आणि त्या कथेंतील राक्षस हाच तिचा गाभा होय असें विद्वानांच्या सभेंत प्रतिपादन केलें. ते अध्यापक म्हणजे प्रोफेसर जॉन रोनाल्ड रूएल टोल्कीन. ‘दि हॉबिट’ व ‘दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज’ ह्या ग्रंथांचे कर्ते म्हणून आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस त्यांचें नांव ठाऊक असेल. परंतु शिक्षक म्हणूनही त्यांचें चरित्र तितकेंच बोधप्रद आहे.

टोल्कीन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन येथें झाला. वडील तेथें एका बँकेचे व्यवस्थापक होते. रोनाल्ड तीन वर्षांचा असतां आई त्याला व त्याच्या धाकट्या भावाला घेऊन इंग्लंडास आली. मागें १८९६ सालीं वडील आफ्रिकेंतच वारले. आईनें बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल ह्या खेड्यांत राहून मुलांना स्वतः लॅटिन शिकविलें. तीही १९०४ सालीं मधुमेहानें निवर्तली. त्या काळीं इन्शुलिनचा शोध लागलेला नव्हता. बारा वर्षांच्या ह्या पोरक्या मुलाचें पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन ह्या धर्मगुरूंनीं पत्करलें. पुढें बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड शाळेंत एका शिक्षकांनीं त्याला प्राचीन इंग्रजी भाषेचें एक प्रवेशपुस्तक वाचावयास दिलें, आणि तेथूनच त्या भाषेची गोडी त्याला लागली. योग्य वेळीं हातीं आलेलें एक पुस्तक विद्यार्थ्याच्या आयुष्यास कसें वळण लावतें, हें यावरून दिसून येईल.

१९११ सालीं टोल्कीन ऑक्सफर्डला गेले व १९१५ सालीं इंग्रजी विषयांत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. परंतु तेव्हां महायुद्ध चालू होतें. १९१६ सालीं ते फ्रान्समध्यें सोमच्या भयंकर रणांगणावर संदेशवहनाचे अधिकारी म्हणून दाखल झाले. शाळेंत जमलेले ते चौघे जिवलग मित्र. त्यांपैकीं गिल्सन हा १ जुलै रोजीं पडला, आणि स्मिथ त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जखमांनीं मरण पावला. स्वतः टोल्कीन खंदकांतील तापानें आजारी पडून मायदेशीं परतले, म्हणून वांचले. पराक्रम म्हणजे काय व त्याची किंमत काय पडते, हें त्यांना केवळ पुस्तकांतून कळलेलें नव्हतें.

युद्धानंतर लीड्स येथें कांहीं वर्षें शिकवून १९२५ सालीं ते ऑक्सफर्ड येथें अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्रोफेसर झाले. त्यांचें बोलणें एरवीं भरभर व अस्पष्ट असे. परंतु ‘बेओवुल्फ’ काव्यावरील व्याख्यान देतांना ते आरंभींच्या ओळी मूळ भाषेंत अशा खणखणीत आवाजानें म्हणत कीं, सारा वर्ग एकदम स्तब्ध होई. पुढें प्रसिद्ध कवि झालेले ऑडेन हे त्या श्रोत्यांपैकींच एक होत.

हें काव्य ३१८२ ओळींचें असून त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे; तीही १७३१ सालच्या आगींत होरपळली. ग्रेंडेल नांवाचा राक्षस डेन लोकांच्या राजाच्या महालावर बारा वर्षें रात्रीं येऊन माणसें खात असे. बेओवुल्फ हा तरुण वीर समुद्रापलीकडून आला व त्यानें शस्त्रावांचून त्या राक्षसाचा हात उपटून काढला. नंतर जलाशयाच्या तळाशीं जाऊन त्याच्या आईलाही मारलें. येथवर ही कथा आपल्या भीम-बकासुराच्या कथेसारखीच वाटते. परंतु पुढें पन्नास वर्षें राज्य केल्यावर वृद्ध बेओवुल्फास एका अग्निमुखी नागाशीं लढावें लागतें. सोबती रानांत पळून जातात. एकटा विग्लाफ नांवाचा तरुण त्याच्या बाजूस उभा राहतो. नाग मरतो, पण राजाही मरतो.

पूर्वींचे बरेच विद्वान् हें काव्य केवळ इतिहासाचीं साधनें शोधण्यासाठीं वाचीत, व कवीनें राक्षसांस मध्यभागीं कां बसविलें म्हणून हळहळत. २५ नोव्हेंबर १९३६ रोजीं ब्रिटिश ॲकॅडमीपुढें दिलेल्या व्याख्यानांत टोल्कीन यांनीं ह्या मताचें खंडन केलें. त्यासाठीं त्यांनीं एक दृष्टांत दिला. एका मनुष्यानें जुन्या दगडांचा मनोरा बांधला. दगड कोठले हें पाहण्यासाठीं मित्रांनीं तो पाडला. परंतु त्या मनोऱ्यावरून समुद्र दिसत असे, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. माणसांतील भांडणें लहान असतात. अंधार, द्वेष व मृत्यु हे सर्व मानवजातीचे शत्रु होत, आणि राक्षस हें त्यांचेंच रूप होय. त्यांच्यापुढें शेवटीं पराभव ठरलेला असतांही जो माघार घेत नाहीं तोच खरा वीर, असें त्यांच्या विवेचनाचें सार होय. त्या काव्याच्या अभ्यासाची दिशाच ह्या व्याख्यानानें बदलली.

मात्र त्यांनीं शौर्याची आंधळी स्तुति केली नाहीं. इ. स. ९९१ मध्यें मॉल्डन येथें इंग्रज सरदारानें अभिमानाच्या भरांत शत्रूस खाडी ओलांडूं दिली व आपल्या माणसांचा नाश करविला. त्या लढाईवरील प्राचीन काव्याबद्दल १९५३ सालीं लिहितांना टोल्कीन यांनीं सरदाराच्या गर्वास दोष दिला, आणि त्याच्यासाठीं प्राण देणाऱ्या साध्या सेवकांची निष्ठा श्रेष्ठ ठरविली.

१९५९ सालीं ते सेवानिवृत्त झाले व २ सप्टेंबर १९७३ रोजीं बोर्नमथ येथें वयाच्या ८१ व्या वर्षीं मरण पावले. १९२६ सालीं त्यांनीं पूर्ण केलेलें ‘बेओवुल्फ’चें गद्य भाषांतर त्यांच्या पुत्रानें २०१४ सालीं प्रसिद्ध केलें.

विद्यार्थिमित्रांनो, बेओवुल्फासारखा पराक्रम करण्याचा प्रसंग थोड्यांच्याच वांट्यास येतो. परंतु सगळे पळून जात असतां एकाच्या बाजूस उभें राहण्याचा प्रसंग प्रत्येकावर केव्हां ना केव्हां येतोच. त्या वेळीं आपणांस विग्लाफाची आठवण व्हावी, एवढ्यासाठीं तरी ह्या जुन्या कथा वाचाव्या.