दुपारच्या चहाला दालन देणारा सेझार रिट्झ

लंडनमध्ये पिकॅडिलीवरील रिट्झ हॉटेलात दुपारचा चहा घ्यायचा, तर जागा आधीच राखून ठेवावी लागते आणि पुरुषांना कोटाशिवाय प्रवेश नसतो. सोनेरी नक्षीच्या ‘पाम कोर्ट’ या दालनात चांदीच्या किटल्या येतात. एकावर एक रचलेल्या तबकांतून कडा कापलेली काकडीची सँडविच, दाट साय व मुरंब्याबरोबर खायचे स्कोन आणि चिमुकले केक मांडले जातात. शंभराहून अधिक वर्षे हा थाट ज्याच्या नावाने चालला आहे, तो सेझार रिट्झ हा स्वित्झर्लंडमधील एका डोंगरी खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा होता.

व्हॅले प्रांतातील नीडरवाल्ड येथे २३ फेब्रुवारी १८५० रोजी त्यांचा जन्म झाला. तेरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. जवळच्या ब्रिग गावातील एका हॉटेलात मद्य वाढण्याचे काम शिकण्यासाठी त्यांना ठेवण्यात आले. पण या व्यवसायाला लागणारी उपजत जाण या मुलाकडे नाही, असे ठरवून मालकाने त्यांना निरोप दिला. १८६७ मध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते, त्या वर्षी रिट्झ पॅरिसला पोहोचले. पडेल ते काम करीत ते व्हॉयझॅं या नामांकित उपाहारगृहात वाढपी झाले. कोणत्या पाहुण्याला काय आवडते, हे एकदा पाहून कायम ध्यानात ठेवण्याची त्यांची हातोटी तेथेच घडली. पुढे ल्यूसर्न आणि माँटे कार्लो येथील मोठ्या हॉटेलांचे व्यवस्थापन त्यांच्याकडे आले आणि ऑग्युस्त एस्कॉफिये यांच्यासारखा बल्लवाचार्य जोडीला मिळाला. सरदार-उमरावांत वावरणाऱ्या रिट्झ यांना आपल्या शेतकरी बांध्याचा मात्र संकोच वाटे. पाय मोठे दिसू नयेत म्हणून ते मुद्दाम लहान मापाचे बूट घालीत.

दुपारचा चहा हा मुळात घरातला सोहळा. इंग्लंडमध्ये रात्रीचे जेवण उशिरा होऊ लागले आणि मधली पोकळी भरून काढण्यासाठी चहा व खाणे सुरू झाले. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी ही रीत रूढ केली, असे मानले जाते. यजमानीण, तिची मैत्रीण, तिचे दिवाणखाने यांपुरतेच ते विश्व होते. हॉटेल हे पुरुषांचे ठिकाण. कुलीन स्त्रीने तेथे चारचौघांत बसून खाणेपिणे शिष्टसंमत नव्हते. दिवाणखान्यातले हे सुख हॉटेलात आणायचे, तर तेथे स्त्रियांना अवघडल्यासारखे वाटता कामा नये, हे रिट्झ यांनी हेरले. त्यांच्या साऱ्या यशाचे मर्म येथेच आहे.

१८८९ मध्ये उघडलेले लंडनचे सॅव्हॉय हॉटेल रिचर्ड डॉयली कार्ट यांनी त्यांच्या हाती सोपवले. उत्तम भोजन, संगीत, पोशाखाची कडक शिस्त यांमुळे उच्चभ्रू स्त्रियाही तेथे उघडपणे जेवायला येऊ लागल्या. पण १८९८ मध्ये ३,४०० पौंडांहून अधिक किमतीच्या मद्याचा हिशेब लागेना आणि रिट्झ व एस्कॉफिये दोघांनाही काढून टाकण्यात आले. १९०० मध्ये प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले. पुरवठादारांकडून दलाली घेतल्याचे एस्कॉफिये यांनी कबूल केले. घरचे अन्न आणि धुलाई हॉटेलच्या खर्चात टाकल्याचे रिट्झ यांनी मान्य केले आणि रक्कमही भरली. हे कागद कित्येक दशके दडून राहिले. ज्याच्या नावाने ऐषआरामाला इंग्रजीत एक विशेषणच मिळाले, त्याच्या चरित्रातील हा डाग झाकण्यात अर्थ नाही.

सॅव्हॉय सुटले त्याच वर्षी, १ जून १८९८ रोजी, पॅरिसच्या प्लास व्हाँदोममध्ये त्यांचे स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले. वास्तुरचना शार्ल मेवेस यांची होती. खोल्यांना लागून स्नानगृहे होती, विजेचे दिवे होते आणि धूळ साठू नये म्हणून जड पडद्यांना फाटा दिला होता. दिव्यांच्या प्रकाशात स्त्रियांचा चेहरा कसा दिसतो, हे पाहण्यासाठी पत्नी मारी-लुईझ यांना तासन्‌तास समोर बसवून त्यांनी छटा तपासल्या आणि अखेर जर्दाळूच्या गुलाबीसर रंगाचे रेशीम पसंत केले. हॉटेलच्या बागेतला दुपारचा चहा पॅरिसमध्ये लवकरच फॅशन ठरला. एस्कॉफिये मात्र नाराज होते. जेवणाच्या दोन तास आधी मुरंबा आणि केक खाणाऱ्यांना आपल्या पाककौशल्याची चव कशी कळणार, ही त्यांची तक्रार. ती अगदीच गैर नव्हती!

१८९९ मध्ये लंडनला कार्लटन हॉटेल सुरू झाले. तेथील पाम कोर्टमधून भोजनगृहाकडे जाताना रिट्झ यांनी पायऱ्या ठेवल्या. स्त्रियांचा प्रवेश साऱ्यांच्या नजरेत भरावा, हा त्यामागचा हेतू होता. १९०२ च्या जूनमध्ये सातव्या एडवर्ड यांच्या राज्याभिषेकासाठी त्यांनी दिवसरात्र तयारी केली. समारंभ २६ तारखेला होता; दोनच दिवस आधी राजाच्या शस्त्रक्रियेमुळे तो लांबणीवर पडला. महिनोन्‌महिने ताण सोसलेले रिट्झ या धक्क्याने कोसळले. वय अवघे बावन्न. त्यानंतर नैराश्याने त्यांना ग्रासले ते कायमचेच.

लंडनचे रिट्झ २४ मे १९०६ रोजी उघडले. मेवेस आणि आर्थर डेव्हिस यांनी पोलादी सांगाड्यावर फ्रेंच धाटणीची ही इमारत उभारली. सोबतीला वडीलधारे कुणी नसतानाही तरुण अविवाहित मुली येथे चहाला येऊ शकत, असे सांगितले जाते. पाम कोर्टमधली टेबले भरू लागली, तेव्हा ज्यांच्या बारीक नजरेवर हे सारे पोसले गेले होते ते रिट्झ हळूहळू माणसांपासूनच तुटत चालले होते. पुढे कारभारातून ते पूर्णपणे बाजूला झाले आणि पॅरिसचे हॉटेल मारी-लुईझ यांनी सांभाळले. अखेरची वर्षे स्वित्झर्लंडमधील शुश्रूषालयात गेली. १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये, महायुद्ध संपत आले असताना, ल्यूसर्नजवळील क्युस्नाख्त येथे त्यांचे निधन झाले. धाकटा मुलगा रेने त्याच वर्षी वारला होता. रिट्झ यांची कबर आज नीडरवाल्डमध्ये आहे.