हेल्मेटचा पुरस्कर्ता : सर ह्यू केर्न्स

मोटारसायकलवर बसताना हेल्मेट पुष्कळांना ओझे वाटते. त्यामागे एका डॉक्टरची किती वर्षांची मेहनत आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय?

ह्यू केर्न्स यांचा जन्म १८९६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात झाला. शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले व पुढे मेंदूचे नामांकित शल्यविशारद झाले. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात जबर जखमी झाले. त्यांना पाहण्यास केर्न्स यांना बोलावले गेले; पण सहा दिवसांनी लॉरेन्स वारले.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागे बसणारे मरण पावले. डोक्याची दुखापत हेच मुख्य कारण होते. केर्न्स यांनी जखमींच्या नोंदी तपासल्या. हेल्मेट घातलेले अवघे ७ जण सापडले. सातही वाचले होते. १९४१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लष्कराने कामावरील मोटारसायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती केली.

सात ही संख्या लहानच. म्हणून मोजणी चालू राहिली. १९४६ मध्ये महिनावार आकडे मांडून सक्तीनंतर मृत्यू घटल्याचे त्यांनी दाखविले.

केर्न्स १९५२ साली निवर्तले. ब्रिटनमध्ये सर्वांना सक्ती झाली ती १९७३ साली.

पालकहो, मुलाच्या हाती गाडीची किल्ली देताना हेल्मेटही द्या. आणि विद्यार्थ्यांनो, नीट ठेवलेली नोंदवहीसुद्धा प्राण वाचविते, हे ध्यानी ठेवा.